पेटी घेऊन युरोपात जाणाऱ्या बेळगावकर कलाकारांसाठी

युरोपच्या दौऱ्यावर एका शहरातून दुसऱ्या शहरी जाताना वाद्ये घेऊन स्वस्तातल्या विमानाने कदापि जाऊ नये. आमच्या आयोजकांनी फोनवर निःशंकपणे सांगितले होते की, पेटी आणि तबला हातातल्या सामानात जातात, त्याची काळजी करू नका. त्या एका वाक्यापायी आमच्या मंडळींना जे सोसावे लागले, ते बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातून पुढे जाणाऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. अभंग आणि नाट्यसंगीताचा आमचा कार्यक्रम होता, मी पेटीच्या साथीला होतो आणि दौरा जर्मनी, स्वित्झर्लंड व डेन्मार्क असा आखलेला होता. रोज रियाज, रोज प्रवास आणि हातात जड पेटी हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांच्यासाठीच पुढचा मजकूर आहे.

पहिली दिशाभूल व्हिसाच्या वेळी झाली. सर्वांचे अर्ज मुंबईतच एकत्र भरता येतील असे आम्हाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात आमच्या वेळी जर्मनीच्या व्हिसासाठी अर्जदार राहतो कुठे हे पाहिले गेले आणि कर्नाटक हे बेंगळुरूच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत आले. त्यामुळे चंदगडचे आमचे तबलजी मुंबईला गेले आणि बेळगावात राहणारे आम्ही राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला गेलो. एकाच मंडळीचे अर्ज दोन शहरांत गेल्यामुळे पासपोर्टही वेगवेगळ्या दिवशी परत आले आणि तोवर विमानाची तिकिटे महागली. आपल्याकडचे उतारे आणि दाखले बहुधा कन्नडमध्ये असतात, त्यांचे इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवावे. या शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचे, शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने पुन्हा वापरता येतात, म्हणून जे पूर्वी जाऊन आले आहेत त्यांनी जुन्या व्हिसाची प्रत जपून ठेवावी. निमंत्रणपत्रात कार्यक्रमांच्या तारखा, ठिकाणे आणि मानधन स्पष्ट लिहिलेले असावे. ‘पर्यटन म्हणून लिहा, सोपे जाते’ असा सल्ला देणाऱ्याचे मुळीच ऐकू नये.

आता त्या विमानाविषयी. तिकीट २९ युरोंचे होते आणि ते पाहूनच आयोजकांनी रेल्वे सोडून विमान निवडले होते. अशा विमानांच्या दाराशी सामान मोजण्यासाठी लोखंडी चौकट ठेवलेली असते. साधारण ५५ × ४० × २० सेंटिमीटर हे माप धरले, तर घडीची पेटीसुद्धा जाडीला त्यात बसत नाही आणि तबला-डग्ग्याची पिशवी तर बसण्याचा प्रश्नच नाही. हे वाद्य आहे, नाजूक आहे, संध्याकाळी कार्यक्रम आहे, असे आमच्या गायिकेने शांतपणे समजावून सांगितले. तरीही तिथल्या कर्मचाऱ्याने पेटी त्या चौकटीत दाबून बसवण्याचा प्रयत्न केला, त्यात पेटीची एक कडी निखळली आणि वर प्रत्येक नगामागे ७५ युरो भरायला लावले. म्हणजे दोन वाद्यांचे १५० युरो झाले. तेवढ्यात त्याच विमानाची पाच तिकिटे आली असती. पैसे घेऊनही पेटी मऊ खोळीतच मालाच्या कप्प्यात टाकण्यात आली. त्याआधी सुरक्षा तपासणीत तबलजींची हातोडी काढून घेतली होती, आणि हातोडीशिवाय तबला सुरात मिळवायचा कसा, हे त्या माणसाला कळण्याचे काही कारण नव्हते.

सभागृहात पोहोचून भाता ओढला, तर मध्य सप्तकातला शुद्ध गंधार पट्टी न दाबताच वाजू लागला. वरचे झाकण काढून पाहिले, तेव्हा पट्टीखालची झडप तिरकी झाली होती आणि तिचे कातडे एका कडेने उचकटले होते. डिंक, कागदाची बारीक घडी आणि रबर यांच्या आधाराने ती झडप कशीबशी बसवली. श्रोते येऊन बसू लागले होते आणि माझे हात थरथरत होते. पेटीच्या साथीची परंपरा ज्या गावाने पंडित रामभाऊ विजापुरे यांच्याकडून घेतली, त्या गावचा साथीदार परदेशात ठिगळ लावलेली पेटी घेऊन बसतो, याचे मला त्या रात्री फार वाईट वाटले. कार्यक्रम चांगला झाला असे सर्वांनी सांगितले. मी मात्र अख्खा कार्यक्रम त्या गंधाराकडे कान लावून होतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, चारपाच जणांच्या मंडळीने नऊ आसनी गाडी भाड्याने घ्यावी. चालकासह नऊ जणांपर्यंतची गाडी मोटारीच्या साध्या परवान्यावर चालवता येते. आंतरराष्ट्रीय परवाना बेळगावच्या आरटीओत मिळतो आणि तो एक वर्ष चालतो. जर्मनीत मोटारीला महामार्गाचा टोल नाही, स्वित्झर्लंडमध्ये मात्र ४० फ्रँकचा वर्षभराचा पास घ्यावाच लागतो. रेल्वेने जायचे असेल तर मधे पुरेसा वेळ ठेवून गाड्या निवडाव्यात. गाडी ६० मिनिटे किंवा अधिक उशिरा पोहोचली तर २५ टक्के आणि १२० मिनिटे किंवा अधिक उशीर झाला तर ५० टक्के भाडे परत मागण्याची तरतूद युरोपीय नियमांत आहे, त्यासाठी तिकिटे फेकून देऊ नयेत.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय महासंघाच्या जकात व्यवस्थेत नाही, आणि ही गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. पासपोर्ट कुणी पाहिला नाही तरी वाद्यांची चौकशी होऊ शकते. मौल्यवान वाद्ये असतील तर फिक्की या उद्योजकांच्या संघटनेकडून एटीए कार्नेट, म्हणजे सामान जकात न भरता तात्पुरते नेऊन परत आणण्याचा कागद, काढावे आणि प्रत्येक जकातीच्या सरहद्दीवर आठवणीने शिक्का घ्यावा. तेवढे करायचे नसेल, तर निदान भारतातून निघताना विमानतळाच्या कस्टम्सकडून निर्यातीचा दाखला घ्यावा, म्हणजे परतताना आपलीच पेटी विदेशातून आणली असा संशय कुणी घेणार नाही. तंबोऱ्याच्या घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या भागाला, किंवा तबल्याच्या पेटाऱ्याला सांबरशिंग, हस्तिदंत असे काहीही असता कामा नये. मिरजेच्या कारागिरांना आधीच सांगून साधी हाडाची किंवा कृत्रिम घोडी बसवून घ्यावी.

हिवाळ्यात तिथल्या तापवलेल्या खोल्यांत हवा इतकी कोरडी असते की, तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, ताणली जाऊन सूर चढतो आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा जाण्याची भीती असते. कार्यक्रमाआधी किमान दोन तास वाद्ये सभागृहातच ठेवावीत आणि तंबोऱ्याच्या खोक्यात ओलसर फडके ठेवावे. पेटीचे सुटे रीड, कानस, पेचकस आणि हातोडी मोठ्या सामानात ठेवावी.

मानधनाचा करार करताना ‘कर वजा जाता हातात किती’ हा आकडाच लिहून घ्यावा. जर्मनीत परदेशी कलाकाराच्या मानधनातून १५ टक्के कर आणि त्यावर ५.५ टक्के अधिभार, म्हणजे एकूण १५.८२५ टक्के रक्कम आयोजक कापून घेतो. एका कार्यक्रमाचे मानधन २५० युरोंपर्यंत असेल तर ही कपात होत नाही. कापलेल्या कराचा दाखला मिळाला, तर दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार भारतात त्याची वजावट मागता येते. आमचा दाखला ईमेलने पाठवतो असे सांगण्यात आले आणि तो अजून आलेला नाही. तेव्हा शेवटच्या कार्यक्रमाआधी आयोजकांबरोबर बसून त्या दाखल्याचा अर्ज त्यांच्याकडून भरून घ्यावा आणि त्याची पोच हातात आल्यावरच वाद्ये बांधायला घ्यावीत.