'दाखवा ना, काका!' : रोलचा कॅमेरा, लोक आणि मुलं

रोलचा कॅमेरा गळ्यात घालून बाहेर पडलं की लोक काय म्हणतात, आणि मुलांच्या हातात तो द्यावा का, हे दोन प्रश्न नेहमी येतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठ्यांचं आधी. पन्नाशी उलटलेली माणसं कॅमेरा बघून थांबतात. 'अजून रोल मिळतो?' आणि 'धुऊन कुठे घेता?' हे त्यांचे ठरलेले प्रश्न. पाठोपाठ घरातल्या आग्फा क्लिक थ्रीची, याशिका एमएफ-टूची नाहीतर कोडॅक केबी-टेनची आठवण निघते. खरं उत्तर असं की रोल मिळतो, पण बहुतेकदा ऑनलाइन मागवावा लागतो. आणि रोल धुणाऱ्या लॅब मोजक्याच उरल्यामुळे कुरिअरचा खर्च धरावा लागतो. फोटो काढू का म्हटलं की ही मंडळी कॉलर नीट करतात, हात सरळ सोडतात आणि लेन्सकडे रोखून बघत उभी राहतात. १२ किंवा ३६ फोटोंत अख्खं बारसं बसवायच्या काळातली ती सवय आहे. त्यांना मोडता घालू नका. तो ताठ उभा राहिलेला फोटोच बहुतेक वेळा चांगला निघतो.

मुलांचं वेगळं. शटरचा आवाज झाला की ती धावत कॅमेऱ्याच्या मागे येतात. 'दाखवा ना, काका!' मागे तर नुसतं काळं झाकण. काही कॅमेऱ्यांच्या पाठीवर रोलच्या खोक्याचा तुकडा खोचायची चौकट असते, तिलाच स्क्रीन समजून बोटाने टिचक्या मारतात. फोटो आत आहे पण अजून दिसत नाही, हे नुसतं सांगून पटत नाही. त्यासाठी घरी किंवा वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग आहे.

कॅमेऱ्यात रोल नाही ना, ते आधी बघा : रिवाइंडची (फिल्म डबीत परत गुंडाळायची) कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा, ताण लागला तर आत रोल आहे. नसेल तर पाठ उघडा. ट्रेसिंग पेपरची ३५ मिमी रुंद पट्टी कापून, जिथून फिल्म सरकते त्या रुळांवर ठेवा आणि दोन्ही टोकांना सेलोटेप लावा. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडा, फोकस अनंतावर, शटर 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहण्याची खूण). केबल रिलीज (बटण दाबायची बारीक तार) लावून तो दाबलेल्या स्थितीत अडकवा. आता खोलीत अंधार करून लेन्स उजेडाच्या खिडकीकडे धरा. कागदावर समोरचं झाड, गच्ची, वाळत घातलेले कपडे उलटे उमटतात, रंगांसकट, २४ बाय ३६ मिमीच्या चौकटीत. समोरून कोणी चाललं तर तेही उलटं चालतं. यानंतर 'फिल्म याच जागी बसते' एवढं वाक्य पुरतं. कॅमेरा मात्र पूर्ण मेकॅनिकल घ्या; इलेक्ट्रॉनिक शटरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत 'बी'वर बॅटरी उतरत राहते.

मुलांच्या हातात कॅमेरा द्यावाच, पण रिकामा. फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर ओढणं आणि बटण दाबणं यातच त्यांना खरी गंमत वाटते. भरलेला कॅमेरा दिला तर बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. रोल संपल्यावर लिव्हर अडते. मुलं जोर लावतात आणि फिल्मच्या कडेची भोकं फाटतात किंवा फिल्म डबीतल्या रिळापासून सुटते. सुटली की रिवाइंड होत नाही, उजेड न शिरणाऱ्या काळ्या चेंजिंग बॅगेत हात घालून ती काढावी लागते. दुसरं म्हणजे रिवाइंडची कळ वर ओढली की बऱ्याच कॅमेऱ्यांची पाठ उघडते. उघडलीच तर आरडाओरडा न करता झटकन बंद करा. डबीतली न वापरलेली फिल्म शाबूत असते. काढलेल्या फोटोंपैकी दुसऱ्या बाजूच्या रिळावरचे बाहेरचे वेढे जातात, आतले पुष्कळदा कडेने धुरकटून का होईना वाचतात. दोन-तीन फ्रेम लेन्स झाकून पुढे सरकवा आणि काम चालू ठेवा. पाठ उघडून दाखवताना शटरच्या पडद्याला बोट लावू देऊ नका. धातूच्या पात्या फार पातळ असतात, एकदा वाकल्या की दुरुस्ती महाग पडते. आणि वापरून झालेला फ्लॅशवाला युज-अँड-थ्रो कॅमेरा मुलांना खोलायला कधीही देऊ नका. बॅटरी काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये (फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या भागात) ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.

मेट्रोच्या स्टेशनावर किंवा विमानतळावर तरुण सुरक्षारक्षक 'कॅमेरा उघडून दाखवा' म्हणतात, कारण त्यांनी रोल पाहिलेला नसतो. वादात पडू नका. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवा, क्ष-किरणांच्या यंत्राऐवजी हाताने तपासायची विनंती करा आणि कॅमेऱ्यातला रोल आधीच संपवून घ्या.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे रस्त्यात कोणी 'तो फोटो डिलीट करा' म्हणतं तेव्हाचा. डिलीट करायला इथे काही नसतंच, आणि हे समोरच्याला पटवताना आपणच खोटे पडल्यासारखे दिसतो. त्यामुळे आधी विचारायचं, मग बटण दाबायचं. मुलांच्या बाबतीत तर आईवडिलांना विचारल्याशिवाय कॅमेरा डोळ्याला लावायचाच नाही. हा माझ्या दृष्टीने शिष्टाचाराचा नाही, नियमाचा भाग आहे.

आणि ज्यांनी हो म्हटलं, त्यांना प्रिंट द्या. चार बाय सहाची पुरते. वहीत रोल नंबर, फ्रेम नंबर, नाव आणि घराची खूण लिहून घ्या. कॅमेऱ्याच्या काउंटरवरचा आकडा आणि निगेटिव्हच्या कडेला छापलेला आकडा यांत एखाद-दोन फ्रेमचा फरक पडू शकतो, म्हणून नंबरापुढे 'लाल फ्रॉक, मागे पिठाची गिरणी' असंही टिपून ठेवा, म्हणजे चुकीच्या घरी प्रिंट जाणार नाही.