डिक्री कपाटात, पैसा बाजारात : आमची वाटचाल

इचलकरंजीत सुताचा व्यवहार उधारीवर चालतो हे इथल्या कुणाला सांगायला नको. सूत उचलायचं, माग चालवायचे, कापड विकलं गेलं की पैसे द्यायचे. कापड पडून राहिलं की सूतवाला कोर्टात जातो, समरी (झटपट चालायचा) दावा लावतो, काही वर्षांनी डिक्री, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा हुकूमनामा, पदरात पडते आणि ती कपाटात जाते. पैसा येत नाही. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी डिक्री मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सर्वात वरच्या कोर्टानं, 1872 सालीच नोंदवून ठेवलं आहे. कपाटातल्या त्या कागदांवरच आमची डिक्री वसुलीची फर्म उभी राहिली, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

मी सुताच्या पेढीवर दिवाणजी होतो. येणी किती अडकतात ते रोजच्या रोज वहीत दिसायचं. माझे पहिले भागीदार म्हणजे काका, कोर्टातून निवृत्त झालेले बेलिफ, म्हणजे समन्स-जप्ती बजावणारे कर्मचारी. तेव्हा विकत मिळणाऱ्या याद्या वगैरे काही नव्हतं. आम्ही ओळखीच्या व्यापाऱ्यांकडे जाऊन विचारायचो, तुमच्याकडे न वसूल झालेली डिक्री आहे का? काका ती एका लांबड्या रजिस्टरात उतरवून घ्यायचे.

त्या रजिस्टराबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण आमचं खरं भांडवल ते. दावा नंबर, रक्कम, निकालाची तारीख हे रकाने कुणीही आखेल. काकांचे रकाने वेगळे होते. शेडचं लाइटचं मीटर कुणाच्या नावावर? सायझिंगला (सुताला खळ देणाऱ्या कारखान्यात) बीम कुठल्या नावानं जातात? गावाकडची जमीन वाटणीत आली का, आठ-अ च्या खातेउताऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत? घराच्या चतुःसीमा काय? दरखास्तीत, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीच्या अर्जात, दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश 21 नियम 11 चा तक्ता भरायचा असतो आणि मालमत्तेचं वर्णन तिथं नीट लागतं. काका म्हणायचे, "बेलिफ दारात उभा राहिल्यावर दार कुठलं ते शोधायचं नसतं." भत्ता भरला, बेलिफ निघाला, आणि डिक्रीदाराचा माणूस घर दाखवायला हजरच नाही, अशा कितीतरी जप्त्या त्यांनी नोकरीत रिकाम्या परतलेल्या बघितल्या होत्या.

पुढे निकाल ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या वेबसाइटवर, दिसायला लागले. प्रत्येक प्रकरणाचा वेगळा असा 16 अक्षरी सीएनआर नंबर टाकला की प्रकरणाची सगळी हालचाल समोर. हे निकाल गोळा करून, जिल्हावार याद्या बनवून विकणारे लोकही बाजारात आले. आम्हीही त्या घ्यायला लागलो. यादीतल्या डिक्रीदाराला भेटायचं, डिक्री जिवंत आहे का ते तपासायचं, ऋणकोची, म्हणजे देणेकऱ्याची, मालमत्ता शोधून द्यायची. वकील त्याचा, धावपळ आणि कागद आमचे, वसूल झालं तर ठरलेला हिस्सा. अगदीच क्वचित डिक्री लेखी असाइन करून, म्हणजे आमच्या नावावर करून, घेतो, पण त्यात कोर्टाची नोटीस, आक्षेप, सुनावणी असं लांबतं. 2019 पर्यंत काम व्यवस्थित चाललं. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

सांगायचं आहे ते यादीचं. 2019 च्या शेवटी मोठ्या शहरातली एक डेटा विकणारी कंपनी आमच्याकडे आली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, या पाच जिल्ह्यांतल्या पैशाच्या डिक्र्यांची यादी, आणि "ही फक्त तुम्हालाच" असं तोंडी आणि ईमेलवरही. आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढून ती घेतली. तपासायला बसलो तर काय निघालं? काही डिक्र्यांची रक्कम कधीच भरून झालेली. काही एकतर्फी निकाल नंतर रद्द झालेले. काहींवर अपिलात स्थगिती. एकच दावा दोन-दोन वेळा, नावाचं स्पेलिंग बदलून. तेवढ्यात मार्च 2020 आला, कोर्टात फक्त तातडीची कामं सुरू राहिली आणि दरखास्ती जागच्या जागी थांबल्या.

त्याहून वाईट पुढेच होतं. आम्ही ज्या व्यापाऱ्याला फोन करावा तो म्हणायचा, "अहो, तुमच्याआधी दुसऱ्यांचा फोन येऊन गेला." तीच यादी आमच्या प्रतिस्पर्ध्यालाही विकलेली होती. त्यांचं ऑफिस मोठं, फोनवर बसलेली पोरं जास्त. त्यांनी आमच्याबद्दल सांगितलं की हे इचलकरंजीवाले वसुलीला गुंड पाठवतात. आम्ही आजवर कुणाच्या दारात एक माणूस दमदाटीला उभा केलेला नाही. आमच्या ऑफिसातली दोन पोरं त्यांनी जास्त पगार देऊन नेली आणि रजिस्टराची कित्येक पानं त्यांच्या मोबाईलमधून गेली. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. ऑफिसचं भाडं थकलं. काकांनी आपला हिस्सा घेणं बंद केलं, उलट पेन्शनमधून भाड्यात भर घातली.

त्या दिवसांत आमच्या पाठीशी उभे राहिले ते अण्णा, सुताचे जुने व्यापारी. आमची पहिली डिक्री त्यांचीच होती. प्रतिस्पर्ध्याचा माणूस त्यांच्या पेढीवरही जाऊन आला होता. अण्णांनी मला बोलावून घेतलं, कपाट उघडलं आणि उरलेल्या सगळ्या फायली पुढ्यात ठेवल्या. म्हणाले, "दिवाणजी, हे सगळं तुमच्याकडंच. खर्चाला किती लागतंय ते सांगा." त्यांनी आगाऊ दिलेल्या पैशांवर आमचा नकलांचा खर्च चालला.

त्या फायलींत 2009 ची एक डिक्री होती. डिक्रीची दरखास्त 12 वर्षांच्या आत लावावी लागते, म्हणजे तिची मुदत 2021 मध्येच भरलेली. प्रतिस्पर्ध्यानं यादीतल्या अशा सगळ्या डिक्रीदारांना कळवून टाकलं होतं की तुमची डिक्री मेली, फाईल बंद. पण 10 जानेवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला, आणि ज्यांची मुदत त्या काळात संपत होती त्यांना 1 मार्च 2022 पासून 90 दिवस मिळाले. आमच्या वकीलसाहेबांनी आदेश वाचून दाखवला. काकांनी तिथंच रजिस्टर ओढलं आणि निकालाच्या तारखेप्रमाणं वेगळी पानं करायला घेतली. 15 मार्च 2008 पासून फेब्रुवारी 2010 अखेरपर्यंतच्या सगळ्या डिक्र्या एका बाजूला. ज्यांना दुसऱ्यांनी मेलेलं ठरवलं होतं त्याच.

मार्च आणि एप्रिल आम्ही झोपलो नाही असं म्हटलं तरी चालेल. डिक्रीच्या सर्टिफाइड नकला, वकीलपत्रांवर सह्या, तक्ते, सात-बारा, मालमत्ता पत्रकं. कोर्टाला मे महिन्याची सुट्टी असते. सुट्टीनंतर उघडल्या दिवशी दाखल करता येईल, असं काहीजण सांगत होते. आम्ही तो भरवसा ठेवला नाही. वाढवून मिळालेल्या मुदतीला सुट्टीचा फायदा मिळेलच याची खात्री नव्हती, म्हणून सगळ्या दरखास्ती सुट्टीआधी आत. समोरच्या वकिलांनी मुदतीचा आक्षेप घेतला, तो टिकला नाही.

अण्णांच्या डिक्रीतला ऋणको यंत्रमागवाला. बरेच माग भंगारात गेलेले, आणि उरलेले माग म्हणजे कारागिराची हत्यारं आहेत, त्याच संहितेच्या कलम 60 खाली जप्त करता येत नाहीत असा त्याचा बचाव. ज्याच्या शेडमध्ये दोन पाळ्यांत कामगार राबतात तो कायद्यातला कारागीर नव्हे, पण आम्ही मागांच्या वादात अडकलोच नाही. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातली खरेदीखतांची सूची) शोधताना त्याच्या नावानं घेतलेला एक प्लॉट सापडला. आदेश 21 च्या नियम 54 प्रमाणं जप्ती झाली, मालमत्ता पत्रकावर नोंद चढली. तो प्लॉट विकायला गेला, घेणाऱ्यानं उतारा बघितला आणि व्यवहार अडला. मग मुद्दल, खर्च आणि व्याज सगळं त्यानं स्वतः कोर्टात भरलं. डिक्रीवर सहा टक्के सरळ व्याज धरलं तरी बारा वर्षांत शंभराला बहात्तर रुपये चढतात, हे डिक्री कपाटात ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आता या धंद्यात येणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. यादी घेताना आधी तिच्यातली मूठभर प्रकरणं सीएनआर टाकून स्वतः बघा. निकालानंतर काही अर्ज, अपील, भरपाईची नोंद आहे का? विकणारा हे बघू देत नसेल तर यादी घेऊ नका. वकिलाला वसुलीवर टक्के देऊ नका, बार कौन्सिलचे नियम त्याला परवानगी देत नाहीत. फी द्या, वेळेवर द्या. रिझर्व्ह बँकेनं बँकांच्या वसुली एजंटांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला मनाई केली आहे. आम्ही बँकेचे एजंट नाही, तरी आमच्याकडे तोच नियम आहे. घरातली भांडी, अंथरूण, बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र यांच्याकडे बघायचं नाही. कायद्यानंच ते सोडलेलं आहे. पगारातलेही पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात लावण्यापलीकडे असतात. आणि ऋणकोलाही सांगतो, बाहेर पैसे दिलेत तर कोर्टात 30 दिवसांच्या आत नोंद करून घ्या. नोंद नसलेली भरपाई दरखास्तीत धरली जात नाही, आणि एकाच देण्यासाठी दोनदा पैसे भरलेली माणसं मी बघितली आहेत.

2021 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं आहे. अजून आमच्या बहुतेक दरखास्ती त्याहून लांबतात, आणि प्रत्येक तारखेला आमचा माणूस हजर असतो. पतसंस्थेचं कर्ज फिटलं. काका आता रोज येत नाहीत, पण नवी यादी आली की तिची पहिली पानं त्यांच्या घरी जातात.

त्या प्रतिस्पर्ध्यानं मध्यंतरी जाहिरात केली की जुन्या डिक्र्या वसूल करण्यात जिल्ह्यात पहिले आम्ही. 2022 च्या त्या 90 दिवसांत कुणी काय दाखल केलं ते ई-कोर्ट्सवर तारखेसकट आहे. आमच्या ऑफिसात या, डिक्रीदारांची हरकत नसलेले सगळे सीएनआर नंबर लिहून देतो, तुम्हीच टाकून बघा.