खिडकीतून आलेला हात

काल रात्री गोष्ट ऐकताना मनूने मध्येच एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष नाही. गोष्ट नेहमीचीच होती, कोरोपोक्कुरूंची. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरचे ऐनू लोक सांगतात की तेथे पूर्वी फार बुटकी माणसे राहत, इतकी बुटकी की फुकी नावाच्या झाडोऱ्याच्या एका रुंद पानाखाली ती मावत. ती ऐनूंशी देवघेव करीत, पण रात्रीच्या अंधारात, खिडकीतून हात आत घालून. आणलेले ठेवायचे, मिळेल ते घ्यायचे आणि कोणाच्या दृष्टीस न पडता निघून जायचे. एका तरुणाला राहवले नाही. त्याने दबा धरून खिडकीतून आलेला हात पकडला आणि आत ओढला, तर ती एक स्त्री होती, हातांवर गोंदण असलेली. तो अपमान त्या लोकांना सोसला नाही आणि ते सगळेच्या सगळे कायमचे निघून गेले.

"पण वस्तू तर मिळत होत्या ना," मनू म्हणाली, "मग आत्या, त्याला तिला बघायचं कशाला होतं?"

मी "कुतूहल असतं गं" असे काहीतरी म्हणून दिवा मालवला. उत्तर खोटे नव्हते, पण ते मी मनूला दिले नव्हते, स्वतःला दिले होते. ताईच्या बाबतीतही मी तेव्हा स्वतःला हेच उत्तर दिले होते, फक्त त्याला काळजी असे नाव दिले होते. त्या संध्याकाळचे इथे पुन्हा लिहीत नाही.

इतकी वर्षे मी या गोष्टी जमवल्या त्या एकाच ओढीने, की अशी माणसे खरोखर होती का. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्सुबोई शोगोरो या जपानी मानववंशशास्त्रज्ञाने जमिनीतील जुने खड्डे आणि खापरे पाहून कोरोपोक्कुरू खरेच होते असा पक्ष मांडला, तो वाद मी किती आवडीने वाचला होता. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर 2003 साली लिआंग बुआ गुहेत जेमतेम एक मीटर उंचीच्या प्राचीन मानवाचा सांगाडा सापडला आणि तेथील नागे लोकांच्या कथांतल्या बुटक्या एबू गोगोंची आठवण सगळ्यांना झाली, तेव्हा तर मला झोप नव्हती. पुढे ते अवशेष पन्नास हजार वर्षांहून जुने असल्याचे ठरले आणि लोकस्मृतीशी त्यांचा धागा जोडणे अवघड झाले, याचे मला वैयक्तिक दुःख झाल्यासारखे वाटले होते. नागे लोकांच्या कथेचा शेवट मात्र मी कधी नीट वाचलाच नव्हता. आज दुपारी वाचला. गावकऱ्यांनी एबू गोगोंना कपड्यांसाठी म्हणून ताडाच्या झाडाचे तंतू दिले आणि ते गुहेत गेल्यावर त्यांना आग लावली.

तैवानच्या सैसियात लोकांची कथाही तशीच. त्यांच्या शेजारच्या बुटक्या ताआईंनी त्यांना शेती आणि गाणी शिकवली. पुढे बायकांची छेड काढल्याचा राग धरून सैसियातांनी ते ज्या झाडावर बसत ते अर्धवट कापून ठेवले आणि ताआई खाली नदीत पडून मेले. वाचलेल्या दोघांनी जाताना गाणी शिकवली. ती गाणी सैसियात लोक आजही दर दोन वर्षांनी पास्ताआईच्या विधीत म्हणतात, रात्र रात्र नाचतात, आणि ज्यांना आपण मारले त्यांना मानाने बोलावून निरोप देतात.

तक्रार करायची तर माझ्याकडेही खूप आहे. मीच का नेहमी विचारणारी, मीच का बंद दारापाशी थांबणारी, आणि एवढे करून निघून जातात ते मलाच सोडून. दुपारी हे सगळे मनात म्हणून झाले, थोडे रडूनही झाले. मग लक्षात आले की या कथा सांगतात ते मागे राहिलेले लोक आहेत. ज्यांनी हात ओढला, झाड कापले, आग लावली, त्यांच्याच मुलाबाळांनी आपली चूक कथेतून गाळलेली नाही. गाळली असती तर कोणाला कळले असते? आपल्याकडच्या वालखिल्यांच्या कथेतही अंगठ्याएवढे ऋषी सगळे मिळून पळसाची एक काडी वाहून नेताना गाईच्या खुराएवढ्या डबक्यात अडखळले आणि त्यांना हसून ओलांडून जाणारा इंद्र होता, हे कथेने झाकलेले नाही.

ताईला मी बोलायला लावायला नको होते. एवढे वाक्य लिहायला मला इतके दिवस लागले.

आज रात्री मनूने तीच गोष्ट पुन्हा मागितली. खिडकीच्या प्रसंगापाशी आल्यावर मी तिला सांगितले की त्याला बघायचे कशाला होते ते मला माहीत आहे: जे मिळत होते ते त्याला पुरत नव्हते. तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "तिचा हात दुखला असेल का?" मी म्हटले, हो, दुखला असेल.