म्हार्दोळचा सोमवार आणि खतखतें

डिसेंबरात गोव्याला गेलो की आम्ही मावशीकडे म्हार्दोळला उतरतो, आणि मुक्कामात एक सोमवार मुद्दाम धरतो. बऱ्याच सारस्वत घरांत सोमवारी मासळी शिजत नाही. हे ऐकून पाहुण्यांची तोंडं उतरतात खरी, पण खतखतें, म्हणजे कंद आणि भाज्यांची तूरडाळीतली दाट आमटी, खायची ती याच दिवशी, याच महिन्यांत. कणगी, माडी, कारांदे असले कंद थंडीतच बाजारात येतात.

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्यावर लक्ष ठेवायचं. कोंड्याची पोळी, म्हणजे कोंडा लावलेला गोवेकरी पाव, गरम असतानाच पातळ भाजीबरोबर संपवायची. दुपारपर्यंत ती चिवट होते.

मग फोंड्याचा बाजार. बेळगावहून आलेली भाजी किलोवर मिळते. गावठी भाजी घेऊन बसलेल्या बायका मात्र वाटे लावतात, कंद त्यांच्याकडूनच घ्यावेत.

आठ माणसांना एक वाटी तूरडाळ, सगळ्या भाज्या मिळून दीड किलो, एक नारळ, आठ सुक्या मिरच्या, लिंबाएवढा गूळ, सहा-सात सोलं (सुकवलेली कोकमं) आणि बारा-पंधरा तिरफळं (मसाल्याची सुकी फळं) पुरतात. सुरणाच्या फोडी आधी पंधरा मिनिटं सोलांच्या पाण्यात ठेवा, नाहीतर घसा खाजतो. डाळ अर्धी शिजली की कंद टाका, ते दबायला लागले की मुळा, शेवग्याच्या शेंगा, मक्याच्या कणसाचे तुकडे, आणि दुधी अगदी शेवटी. सगळं एकदम कुकरात घातलं तर दुधीचा लगदा होतो आणि सुरण कच्चाच राहतो. उरलेली सोलं भाज्या शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडलं तर डाळ शिजायला हटून बसते. खोबरं, मिरची, हळद बारीक वाटून गुळासोबत वर घालायची. फोडणी नाही.

हात चुकतो तो तिरफळात. आतली काळी बी काढून फेकायची, वापरायची ती फक्त साल. साल कोमट पाण्यात भिजवून हलकेच ठेचायची आणि पाण्यासकट वाटणानंतर ओतून झाकण ठेवायचं. खोबऱ्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवली की अख्खं पातेलं कडू. मग गूळ कितीही वाढवा, काही उपयोग नाही.

खाताना तिरफळं ताटाच्या कडेला काढायची. एखादं दाताखाली आलंच तर जीभ मुंग्या आल्यासारखी बधिर होते. घाबरू नका, थोड्या वेळानं उतरते.

उकड्या तांदळाचं शीत (भात), खतखतें, सोलकढी, भाजलेला उडदाचा पापड. त्यानंतर दुपारी बाहेर पडायचा बेत आखू नका, बरीच दुकानंही एक ते साडेतीन बंदच असतात. ओसरीवर चटई टाकायची. आमच्याकडे या वेळात फोनसुद्धा कुणी उचलत नाही.

संध्याकाळी चालत मंगेशीच्या देवळात. मूळ देऊळ कुठ्ठाळीचं. पोर्तुगीज अमलात, 1560 साली, देव नदीपलीकडे इथे आणला. सोमवारी आरतीआधी पालखी निघते. अंधार पडला की गारवा चढतो, तेव्हा खांद्यावर एक शाल असू द्या. परतल्यावर उरलेलं खतखतें पेजेबरोबर. तोवर ते दुपारपेक्षा चांगलं मुरलेलं असतं.