ऑटोपायलट असताना तुम्ही काय करता?

सुट्टीत सोलापूरला आलो की पार्क चौकात कुणीतरी गाठतंच. ‘‘हेलिकॉप्टर ऑटोपायलटच चालवतंय की! तुमी काय करता मग, नुसतं बसता?’’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

जुहूवरून मुंबई हायच्या, म्हणजे भर समुद्रातल्या तेलविहिरींच्या, प्लॅटफॉर्मवर माणसं नेणं हे माझं काम. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर. बहुतेक वाट ऑटोपायलटच सांभाळतो, आणि माझ्या हातापेक्षा बरा सांभाळतो. पावसाळ्यात समुद्र आणि आभाळ एकाच राखी रंगाचं होतं, आपण वळतोय की सरळ जातोय हे अंगाला कळत नाही. तेव्हा त्याच्या नावानं बोटं कशाला मोडू?

पण तो सांगितलं तेवढंच करतो. २३ ऑगस्ट २०१३ला स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंडमधल्या संबर्ग विमानतळाकडे एक सुपर प्यूमा जातीचं हेलिकॉप्टर ढगातून उतरत होतं. किती वेगानं खाली यायचं ते ऑटोपायलटकडे होतं. पुढे जाण्याचा वेग वैमानिकानं डाव्या हातातल्या कलेक्टिव्हनं, म्हणजे पंख्याची ताकद कमीजास्त करणाऱ्या दांड्यानं, सांभाळायचा होता. तिथे ताकद कमी पडली. उतरण्याचा दर बिघडू नये म्हणून ऑटोपायलट नाक वर वर उचलत गेला आणि वेग घटत गेला. त्याचं काही चुकलं नाही. वेगही त्याच्याकडेच सोपवायची सोय त्या यंत्रात होती, ती वापरली नव्हती. दोघा वैमानिकांच्या लक्षात आलं तेव्हा खाली समुद्र होता. १८ जणांपैकी ४ गेले.

आमच्या आप्पांचे यंत्रमाग होते. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग खटकन थांबायचा. ताण्याचा, म्हणजे उभा, तुटला तर मात्र चालूच. टॉवेलभर रेघ पडत जायची. आप्पा दाराशी चहा पीत बसलेले दिसायचे, पण दर दोन घोटांनी उठून कापडावरून तळवा फिरवून यायचे. मला ते उगाचचं वाटायचं.

आता उतरताना मी कुठला मोड लावलाय ते मोठ्यानं बोलतो, शेजारचा तेच परत बोलतो. डावा हात कलेक्टिव्हवरून हलत नाही. नजर सारखी वेगाच्या काट्याकडे. आणि हवा स्वच्छ असली, की अधूनमधून हातानंच उतरवतो. त्या दिवशी मागून हमखास विचारणा होते, ‘‘साहेब, आज जरा जास्त हललं का?’’