पोट सुटलेला टी-रेक्स

प्लास्टिकचा डायनोसॉर हाती लागला की मी आधी त्याला उताणा करते. दात किती, शेपटी शाबूत आहे का, हे नंतर. पोटावर काय उमटलंय ते पहिलं. कोणाचा, कुठला, कधीचा हे बहुतेक वेळा तिथेच कळतं, आणि पोट कोरं असलं तर त्यातूनही बरंच कळतं. रविवारी सकाळी इथे मोकळ्या रानात कार बूट सेल भरतात. लोक गाडीची डिकी उघडून घरातली अडगळ मांडून बसतात. त्या गर्दीत पन्नाशीकडे झुकलेली एक बाई, चष्मा कपाळावर सरकवून, डायनोसॉरचं पोट डोळ्यांजवळ धरून उभी आहे हे बघून विकणाऱ्यांना गंमत वाटते. "मुलगा केवढा आहे?" असं ते प्रेमाने विचारतात. मी "चार वर्षांचा" सांगून टाकते. चार वर्षांच्या पोराच्या आईला चढा भाव सांगायची लाज वाटते माणसांना. पोरगा माझा कधीचाच मिशीला कात्री लावायला लागलाय.

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहून हा नाद लागला नसता तरच नवल. शहराला खेटून ओडबी नावाचं गाव आहे. तिथे इन्व्हिक्टा प्लास्टिक्स ही कंपनी होती. रंगीत खुंट्या लावून समोरच्याने लपवलेला क्रम ओळखायचा, तो 'मास्टरमाइंड' नावाचा खेळ तिचाच. त्याच्या खोक्यावर एक दाढीवाले गृहस्थ खुर्चीत रेलून बसलेत आणि मागे एक देखणी तरुणी उभी आहे. फोटोचा थाट असा, की हे दोघे जगाची सूत्रं हलवतात. प्रत्यक्षात दोघंही लेस्टरमधलीच. गृहस्थांची केस कापायची दुकानं होती आणि ती विद्यापीठात शिकत होती. मला हे कळलं तेव्हापासून लेस्टरविषयी फार आपुलकी वाटते.

याच इन्व्हिक्टाने १९७४ पासून लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी डायनोसॉर काढले. पोटावर नाव मात्र ब्रिटिश म्युझियमचं, 'नॅचरल हिस्टरी' पुढे कंसात. दोन संस्था कायद्याने १९६३ मध्येच विभक्त झाल्या होत्या, पण नव्या घरावर जुन्या घराची पाटी राहिली ती १९९२ पर्यंत. इन्व्हिक्टाचे हे प्राणी सुरुवातीला एकरंगी होते. ना डोळ्यांत लाल ठिपका, ना जबड्याला रक्त. बहुतेक सगळे १ : ४५ या एकाच प्रमाणात. त्यामुळे डिप्लोडोकस खिडकीची अख्खी कड अडवतो आणि चार मीटरचा स्केलिडोसॉरस बोटाएवढाच होतो. मुलांना हे अन्यायाचं वाटत असणार. मला तो हिशेबीपणा आवडतो.

निवडही खास इंग्रजी. मेगालोसॉरस, कारण शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर, १८२४ साली. इग्वानोडॉन तर हवाच. सेटिओसॉरस ठेवण्याचं धाडस दुसऱ्या कुठल्या खेळणीवाल्याने केलं असतं असं वाटत नाही. हा लांब मानेचा, पण डिप्लोडोकसइतका ऐटबाज नाही. मला तो जवळचा, कारण त्याच जातकुळीचा एक सांगाडा १९६८ मध्ये शेजारच्या रटलंडमध्ये निघाला आणि आता आमच्या न्यू वॉक म्युझियममध्ये उभा आहे. नंतर बॅरिओनिक्सही आला. त्याची गोष्ट तर झकासच. १९८३ मध्ये सरे परगण्यातल्या मातीच्या खाणीत एका प्लंबरला, हौसेने जीवाश्म शोधणाऱ्याला, फूटभर लांब नखी सापडली. तीन वर्षांनी प्राण्याचं बारसं झालं आणि आडनावासारखं त्या प्लंबरचं नाव त्याला लागलं. पुढे तो प्लास्टिकमध्येही उतरला.

इन्व्हिक्टाबद्दल मला आदर आहे. जीव मात्र जडलाय तो बिघडलेल्यांवर.

बिघडलेला म्हणजे काय, ते सांगायला हवं. प्लास्टिकचे दाणे वितळवतात, तो रस दाबाने पोलादी साच्यात घुसवतात, निवला की साचा उघडून प्राणी बाहेर काढतात. दिवसभर हिरवे काढले आणि आता तपकिरी काढायचेत, तर यंत्र काही धुऊनपुसून कोरडं करत नाहीत. चकलीच्या सोऱ्यात तळाला थोडं पीठ राहिलेलं असताना वर तिखटाचं भरावं तसं होतं. पहिले काही प्राणी धड हिरवे नाहीत, धड तपकिरी नाहीत, अंगभर लाटा उठलेले. नियमाप्रमाणे ते पुन्हा दळून वितळवायचे. पण पाळी संपत आलेली असते, मोजणी पूर्ण करायची असते, आणि कोणीतरी ते मुकाट्याने पिशवीत टाकतो. साठ-सत्तर वर्षांनी माझ्यासारखी माणसं या प्राण्यांसाठी एकमेकांच्या अंगावर धावून जातात. त्या अनामिक कामगाराला ठाऊक असतं तर त्याने दोन-चार खिशात घालून नेले असते.

दुसरा प्रकार अपुऱ्यांचा. रस टोकापर्यंत पोचायच्या आत निवला, की शेपटी बोथट, शिंग अर्धवट, पंजाची बोटं गायब. हे आणि तुटलेलं यात फरक ओळखता आला पाहिजे. तुटल्या जागी कड खरखरीत असते किंवा ओढल्यासारखी पांढुरकी. अपुऱ्या ओतणीची कड गोल, मऊ असते, जणू प्राणी जन्मतःच तसा. विकणाऱ्याला दोन्ही सारखेच. इथे मी गप्प बसते.

या छंदात जिच्या नावाने लोक हात जोडतात ती कंपनी म्हणजे न्यूयॉर्कच्या लुई मार्क्सची. समाजवादाशी काही संबंध नाही. हा पक्का भांडवलदार, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळणीवाल्यांपैकी एक. त्याच्या कारखान्यातून १९५५ च्या सुमाराला डायनोसॉर बाहेर पडले. करडे, हिरवे, तपकिरी, हाताला मेणचट लागणारे. बऱ्याच जणांच्या अंगावर नाव आणि लांबी कोरलेली. त्यातला पहिला टी-रेक्स बघण्यासारखा आहे. ताठ उभा, शेपटी जमिनीवर टेकवलेली, आणि पोट पुढे. रविवारी दुपारी आमरसाचं जेवण झाल्यावर काकालोक जसे ओसरीवर उभे राहतात, अगदी तसा. मार्क्सने पुढे सडपातळ टी-रेक्सही काढला, तो जास्त रुबाबदार आहे. तरी जाणकार आधी विचारतात ते पोटवाल्याबद्दल.

हे पोट मार्क्सच्या मनचं नव्हे. येल विद्यापीठाच्या पीबॉडी म्युझियममध्ये रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने १९४३ ते ४७ या काळात एक भिंत रंगवली. लांबी ११० फूट. त्यात कोट्यवधी वर्षांचे सरपटणारे प्राणी एका रांगेत उभे आहेत. १९५३ मध्ये 'लाइफ' मासिकाने ते चित्र छापलं आणि ते अमेरिकेच्या घराघरात गेलं. त्यातला टी-रेक्स असाच सुखवस्तू आहे. मार्क्सचे बरेच प्राणी त्या भिंतीवरून उतरल्यासारखे दिसतात. आणि गंमत बघा, शेपटी ओढत चालणाऱ्या या सुस्त डायनोसॉरची कल्पना मोडीत काढली तीही त्याच संग्रहालयात बसून. जॉन ऑस्ट्रॉम तिथेच काम करत होता. १९६९ मध्ये त्याने डायनोनिकस या चपळ शिकाऱ्याचं वर्णन केलं आणि शेपट्या हळूहळू जमिनीवरून वर उचलल्या गेल्या. खेळण्यांना ही बातमी पोचायला वेळ लागला. हॉलिवूडने १९९३ मध्ये चपळ डायनोसॉर पडद्यावर पळवले तेव्हा कुठे कारखान्यांनी मनावर घेतलं. म्हणून ढिगाऱ्यात दुरूनही मला वय ओळखता येतं: शेपटी टेकलेली असली तर थांबायचं, हवेत असली तर पुढे चालायचं.

ब्रोंटोसॉरसचं तर नशीबच वेगळं. १९०३ मध्येच शास्त्रज्ञांनी ठरवलं होतं की हा प्राणी म्हणजे आधी सापडलेला अपाटोसॉरसच, तेव्हा नाव बाद. खेळणीवाल्यांनी ऐकलं नाही, ते ब्रोंटोसॉरस असंच छापत राहिले. शहाण्या मुलांनी आईबापांना सुधारण्यात पिढ्या घालवल्या. २०१५ मध्ये नव्या अभ्यासाने सांगितलं, की नाही हो, हा वेगळाच दिसतोय, नाव परत घ्या. म्हणजे प्लास्टिकचा ब्रोंटोसॉरस जागचा हलला नाही आणि शास्त्र शंभर वर्षं फिरून त्याच्यापाशी आलं. सगळ्यांनी यावर एकमत केलंय असं नाही, पण माझ्या कपाटात त्याला आता वरचा कप्पा मिळालाय.

मार्क्सने कंपनी १९७२ मध्ये क्वेकर ओट्सला विकली. ओट्सवाल्यांना खेळणी काही झेपली नाहीत, आणि १९८० मध्ये कारभार आटोपला. साचे मात्र पोलादी, त्यांना मरण नाही. मेक्सिकोमधून त्याच साच्यांतून पुढेही ओतण्या निघत राहिल्या. मग हे प्राणी अस्सल की नक्कल? साचा तोच, कोरलेली अक्षरं तीच; फक्त रंग भडक आणि अंग जास्त चकचकीत. काही संग्राहक त्यांना दारातही उभे करत नाहीत. मला हा सोवळेपणा कळत नाही. आईबाप तेच, जन्म परगावी झाला, एवढ्यावरून वाळीत कसलं टाकायचं?

खऱ्या नकला हाँगकाँगच्या. दुसऱ्याचा तयार प्राणी घ्यायचा, त्यावरून साचा करायचा. प्लास्टिक निवताना दोन-तीन टक्के आकसतं, त्यामुळे नक्कल मुळाहून किंचित लहान होते. त्या नकलेवरून पुन्हा साचा, ती आणखी लहान. खवले पुसट होतात, डोळे मिटतात, बोटं जुळतात, आणि चौथ्या-पाचव्या पिढीला स्टेगोसॉरस एखाद्या उदास डुकरासारखा दिसायला लागतो. माझ्याकडे एकाच ट्रायसेराटॉप्सच्या अशा पिढ्या ओळीने मांडलेल्या आहेत. पाहुण्यांना मी आधी तीच रांग दाखवते. बहुतेक पाहुणे चहाबद्दल विचारतात.

पण हाँगकाँगच्या कारागिरांनी नुसत्या नकलाच केल्या असं नाही. पिशवीत ठरावीक नग भरायचे आणि डायनोसॉर कमी पडले, तर काहीही चालत होतं. पाठीवर ढाल आणि तोंडात शार्कचे दात, शेपटीला पंखा, डोक्याला मिशांसारखे कोंब. कुठल्याच युगात न जन्मलेले हे प्राणी ट्रायसेराटॉप्सच्या मांडीला मांडी लावून 'प्रागैतिहासिक प्राणी' म्हणून विकले गेले. अशीच एक पिशवी सत्तरच्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या गॅरी गायगॅक्सने स्वस्त मालाच्या दुकानातून उचलली. त्याला आपल्या खेळाच्या पटावर ठेवायला राक्षस हवे होते. तो खेळ म्हणजे १९७४ मध्ये आलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्या पिशवीतल्या बिनकुळाच्या प्राण्यांना त्याच्या मंडळींनी नावं दिली, स्वभाव दिले. एक लोखंड गंजवून खाणारा, एक जमिनीखालून पोहत येऊन उसळणारा, एक अर्धा घुबड अर्धा अस्वल. आजही जगभर लोक त्यांच्याशी लढतात. दुकानात काही पैशांना मिळणारी ती पिशवी आज जशीच्या तशी, बंद, कुठे दिसली तर माझ्यासारखीने नुसतं बघून नमस्कार करायचा.

आई दर उन्हाळ्यात सांगलीहून येते तेव्हा कपाट उघडून म्हणते, "अगं, भांड्याला तरी जागा ठेव." मग स्वतःच फडकं घेऊन पुसायला बसते, आणि तिथे आमची जुंपते. ती सगळे एका डब्यात भरू पाहते. मऊ, रबरासारख्या प्लास्टिकचे प्राणी जुने झाले की त्यांतलं तेल बाहेर झिरपतं, अंग चिकट होतं. ते कडक प्लास्टिकला टेकून राहिले तर त्याचाही पृष्ठभाग विरघळतो. मेणचट पॉलिथिनवाल्यांना तेवढं भय नाही, पण त्यांना ऊन सोसत नाही, कडकडीत होऊन तुटतात. म्हणून प्रत्येकाची पंगत वेगळी. आई म्हणाली, "एवढी शिवाशिव तर तुझ्या आजीनेही पाळली नाही."

दिवाळीला मात्र ती माझ्या बाजूची झाली. लेस्टरची दिवाळी बेलग्रेव्ह रोडवर झगमगते, पण किल्ला आपल्याच घरात करावा लागतो, कारण त्या दिवसांत परसातल्या मातीचा नुसता रबडा झालेला असतो. भाच्यांनी बैठकीच्या खोलीत पोत्यांवर माती थापली, मोहरी पेरली, पुठ्ठ्याचा बुरूज केला. शिवाजी महाराज सिंहासनावर होते. मावळे भारतातून येताना मोडले होते, शिल्लक दोघेच. धाकट्याने माझ्या कपाटाकडे बोट दाखवलं.

मार्क्सच्या खोक्यांत डायनोसॉरांबरोबर गुहेतली माणसंही यायची, दोघांमध्ये साडेसहा कोटी वर्षांचं अंतर असूनही. भाले, दगड घेतलेली, कातडी गुंडाळलेली. आईने त्यातली तगडी निवडली आणि तटावर पहाऱ्याला उभी केली. "अंगात बळ दिसतंय, चालतील." पोटवाल्या टी-रेक्सला महादरवाजात उभं करायला मी साफ नकार दिला. त्याला मातीचा डाग लागला तर निघायचा नाही. त्यावर धाकट्याचं म्हणणं पडलं, की मग शत्रू येणार कुठून? बरीच घासाघीस झाली. शेवटी पोटवाला कपाटातच राहिला, खानाच्या फौजेत हाँगकाँगचे सगळे उदास ट्रायसेराटॉप्स भरती झाले, आणि खंदकात पाणी नसल्यामुळे तिथे ब्रोंटोसॉरस आडवा घातला. थोरला म्हणाला, "मावशी, त्याचं खरं नाव अपाटोसॉरस आहे." त्याला २०१५ चं सगळं समजावून सांगेपर्यंत चकल्या संपल्या होत्या.