तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रीचे कान कोणाचे?

"काऊन वं माय, तुले झोप येते तरी कशी?"

चक्कीवर दळण घेऊन आलेली बाई हे विचारते तेव्हा मी आधी तिचे डोळे बघते. खाली काळे, आत लाल. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडच्या एका गावात माझी आटाचक्की आहे. पाच एकर वावर, दोन पोरं, सासूबाई, एक गाय, दोन बकऱ्या. तरी ही बाई साडेनऊला झोपते आणि त्यानंतर फोन उचलत नाही, ही बातमी गावभर फिरली तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. कोणी खरंच विचारते, कोणी टोमणा म्हणून. नणंदेनं तर एका लग्नात चारचौघींत विचारलं. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

मी काही पहिल्यापासून अशी झोपणारी नव्हते. तीन वर्षांपूर्वी दिवाळी होऊन गेली होती, कापसाचा दुसरा वेचा सुरू होता. दिवसभर वेचायचं, घरी येऊन भाकरी टाकायच्या, मग चक्की. त्या संध्याकाळी कोणाची तरी जवारी लावली आणि पोत्याला पाठ टेकली. किती वेळ गेला ठाऊक नाही. जाग आली ती वासानं. वरचे दाणे संपले होते, रिकामे दगड एकमेकांवर घासत होते, पिठाला करपट वास सुटला होता. आणि माझ्या पदराचं टोक पट्ट्यापासून वीतभर लांब. बटन बंद केलं आणि तिथंच बसून राहिले. जिचं दळण होतं ती म्हणाली, "जवारी जळली का वं?" तिचंही बरोबरच होतं.

मग मी सगळ्यांसारखी फोनवर शोधलं. गरम दूध प्या, तळपायाला तेल लावा, मन शांत ठेवा. मन शांत ठेवा म्हणणाऱ्या बाईच्या मागे पांढरा पडदा हलत होता आणि घरात एकही पोर दिसत नव्हतं. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते, असंही तीच म्हणाली, आणि तेवढं खरं आहे. पण मला झोप लागायचा त्रास नव्हताच. उशीला डोकं टेकलं की लागायची. त्रास होता तो तुटायचा.

म्हणून एका रात्री धाकट्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. सव्वाअकरा, फोन वाजला. आमच्याकडे शेतीपंपाची लाईन पाळीनं असते, दिवसा असली तर आठ तास, रात्री असली तर दहा. मोटरला मोबाईलवाला स्टार्टर आहे, लाईन आली की फोन वाजतो. तो फोन माझ्या उशाशी, कारण यांना झोपेत ऐकू येत नाही. मी ऐकायचं, यांना हलवायचं, मग हे गव्हाच्या ओलिताला जाणार. साडेबारा, धाकट्याला लघवी. सव्वा, सासूबाईंची बाज करकरली. पावणेतीन, हे आले, कवाड. वीस मिनिटांनी बकरी ओरडली, कशासाठी ते तिलाच ठाऊक. साडेचार, नळ. नळ एक दिवसाआड येतात आणि पाऊण तासात जातात.

सकाळी ते पान वाचलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. धाकटा सोडला तर बाकी पाचही ठिकाणी हातपाय दुसऱ्याचे आणि कान माझे. ओलीत हे करणार, उठणार त्या सासूबाई, आणि जागी कोण, तर मी. नळावर माझ्यासोबत हात दुसरेही चालले असते, पण नळ आला हे ऐकायचं कोणी? हे वावरात असले की तर पडून राहिलं तरी डोळा लागत नसे. साप, रानडुक्कर, ओल्या जमिनीत पडलेली तार, सगळं डोळ्यांसमोर.

केंद्र सरकारनं २०२४मध्ये लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली होती. आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, तसं काम करणाऱ्या पुरुषाचे ८८. म्हणजे एकीकडे पाच तासांना थोडी कमी, दुसरीकडे दीड तास. भांडी, धुणं, झाडझूड, स्वयंपाक सगळं आलं. बाजेवर पडल्या पडल्या जे ऐकत राहतो ते कोणत्या रकान्यात लिहायचं, हे मला कोणी सांगावं.

वही यांच्यापुढे ठेवली. हे आधी म्हणाले, "तू झोप ना, तुले कोन उठ म्हनते?" खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं, कारण ते झोपलेले असत. मग त्यांनी पान पुन्हा वाचलं आणि विचारलं, "बकरीसाठी बी मीच उठू?" म्हटलं, बकरीसाठी कोणीच उठायचं नाही.

तर आमच्या घरात कानांची वाटणी झाली. स्टार्टरचा फोन यांच्यासोबत ओसरीत गेला. पहिल्या तीन रात्री लाईन आली, फोन वाजला, हे घोरत राहिले, गहू कोरडा. त्या तीनही रात्री मी जागीच होते, आत दात दाबून पडले होते. एकदा उठले असते तर सगळं मुसळ केरात. चौथ्या रात्री फोन यांच्या उशीखाली गेला. आणि वावरात पोचले की एक रिंग द्यायची, निघताना एक, हेही ठरलं. कारण खरं सांगायचं तर ओलीत नव्हे, त्या काळजीनं जास्त जागवलं होतं. पायात बूट आणि हातात टॉर्च याची अट वेगळी. सासूबाईंसाठी छपरीत झिरोचा बल्ब लावला, वाटेतली घमेली हलवली. त्या म्हणाल्या, "मी काय आंधळी झाली?" नव्हत्याच झाल्या. त्यांना माझी गरज कधीच नव्हती, मीच सवयीनं उठून बसायचे. नळ मात्र आळीपाळीनं, एकदा मी, एकदा हे. मोठी नववीत आहे, तिला यात घ्यायचं नाही हे मी तेव्हाच सांगून टाकलं. माझं ओझं पोरीच्या डोक्यावर ठेवायचं आणि त्याला वाटणी म्हणायचं, असं आपल्याकडे फार होतं.

धाकटा तेवढा राहिला. त्याला झोपायच्या आधी उठवून लघवीला नेलं आणि रात्रीचं पाणी कमी केलं, तेवढ्यानं आठवड्यातले चार दिवस तरी सुटले. अंगावर पाजणाऱ्या बाया विचारतात, आमचं काय? पाजणं वाटता येत नाही. पण पाजल्यावर ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फिरणं, हे सासरे, नवरा, दीर कोणीही करतो. त्याला दूध लागत नाही.

एक गोष्ट वाटणीनं सुटली नाही. पाय. आडवं झालं की पिंडऱ्यांत किडे चालल्यासारखं व्हायचं, पाय हलवला की बरं, थांबवला की पुन्हा. मला वाटायचं वेचणीचा थकवा. आरोग्य केंद्रात डॉक्टर बाईंनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन नऊच्याही खाली. शरीरात लोह कमी पडलं की असे पाय वळवळतात, हे मला तिथं कळलं. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के रक्तानं कमी निघाल्या होत्या, २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीत. म्हणजे चक्कीवर दोघी उभ्या असल्या तर त्यातली एक. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात आणि आपण त्या घरी नेऊन फडताळात ठेवतो, कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणारच, घाबरायचं नाही. मळमळत असेल तर जेवण झाल्यावर घ्या, लिंबाच्या पाण्यासोबत घ्या. चहासोबत मात्र नको, चहा लोह अंगात लागू देत नाही. माझे पाय शांत व्हायला दोन-अडीच महिने गेले.

चहाची दुसरी भानगडही आहे. चक्की सुरू करताना सहा-साडेसहाला मी गिलासभर कडक चहा घ्यायचे, डोळे उघडे राहावेत म्हणून. त्यातलं कॅफिन अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे अकरा वाजता अर्धा गिलास चहा अंगात जागाच. आता शेवटचा चहा वावरातून येताना चारला. पहिले आठ दिवस डोकं ठणकलं, मग काही नाही.

आणि उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५वर जातो आणि रात्री भिंती आग ओकतात. झोप लागायला अंग थोडं थंड व्हावं लागतं, ते होणार कसं? बहुतेक घरांत मी एकच चूक बघते: कूलर लावतात आणि दारं-खिडक्या गच्च बंद करतात. मग दोन तासांत खोली दमट, चादर ओली, अंग चिकट. कूलर पाणी उडवून हवा गार करतो, ती हवा बाहेर पडायला वाट पाहिजे. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा, जाळी लावून. कूलर खिडकीच्या बाहेर असेल तर आणखी बरं. आणि पाऊस पडून उमस सुरू झाली की कूलरची पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालवा. एवढं सांगितलं म्हणून एका काकूंनी मला पावशेर तूप आणून दिलं, डॉक्टरलाही कोणी देत नसेल.

मेडिकलमधून आपल्या मनानं झोपेची गोळी आणणाऱ्याही एक-दोघी आहेत. त्यांना मी काही शिकवत नाही, फक्त म्हणते की डॉक्टरला दाखवून घे. रात्री जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं, महिनोन्‌महिने पहाटे तीनला जाग येऊन रडू येणं, यातलं काही असेल तर वाटणी आणि कूलर यांनी होणार नाही, दवाखानाच गाठावा.

सगळं जमलं असं नाही. वेचणीत अजूनही मी सहा तासांवर जात नाही. दुपारी वावरातल्या निंबाखाली जेवण झालं की वीस मिनिटं डोळे मिटते, अर्ध्या तासाच्या वर नाही, नाहीतर रात्रीची झोप दुपारीच खाऊन होते. सोबतच्या बाया पहिल्यांदा हसल्या. आता त्यातल्या दोघी माझ्याआधी आडव्या होतात.

परवा नळाची पाळी यांची होती. मी साडेसहाला उठले, उजाडलं होतं, नऊ तास झाले होते. बाहेर आले तर पाण्याचे दोन गुंड भरलेले, तिसरा अर्धा, टाकी कोरडी, पाईप आंगणात पडलेला, नळ जाऊन तास झालेला. हे टाकीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपले होते, हातात फोन. मी गाईला पाणी दाखवलं, चहा टाकला. त्या दिवशी धुणं झालं नाही.